सत्तावीस गोळ्या

नाव घेऊन मागितली नव्हती तिने.
"ती गोयी द्या, पुढे ढकलानी," एवढंच,
आणि नजर खोकल्याच्या बाटल्यांवर.
मला कळलं. श्रावणात माझ्या काउंटरला सगळं कळतं.
नागपंचमीनंतरचा रविवार कानबाईचा,
चौरंगावर नारळ नटणार, घरात रोट होणार,
आणि ज्योत्स्ना बोरसेची तारीख नेमकी त्याच रविवारी.
तीन पट्ट्या दिल्या. दिवसाला तीन, म्हटलं.
चिठ्ठी मागितली नाही.
अमळनेरात त्या गोळीची चिठ्ठी कोण मागतं?

डी.फार्मला असताना स्टेरॉइडचा सांगाडा काढायचो:
तीन षट्कोन, एक पंचकोन, भिंतीला भिंत लावून.
सर म्हणायचे, चाळ एकच, बिऱ्हाडं वेगळी.
इथली खुंटी बदलली की इस्ट्रोजेन,
तिथली बदलली की भीतीचं कॉर्टिसॉल.
मी मार्कांपुरतं पाठ केलं.
त्या चाळीत कधी कोण कुणाच्या घरात शिरतं
ते परीक्षेला नव्हतं.

शनिवारी ती पुन्हा आली. डोकं, तीन दिवसांपासून.
उपास चालू, पाणी पोटात नाही, गहू दळून आणलेले.
मी डोकेदुखीची दिली.
सुट्टे नव्हते, वर एक चॉकलेट दिलं.

रविवारी परातीत उजवा हात तसाच राहिला.
तोंड वाकडं झालं, शब्द येईना, डोळे फिरले,
आणि बाया म्हणाल्या, कानबाई उनी अंगात.
कपाळाला हळद लावली. पाया पडल्या.
गाणी थांबली नाहीत.
पाऊण तास
बोरीकाठच्या त्या गल्लीत
एक गुठळी देवी होऊन बसली होती.

धुळ्याला नेली. मशीनने दाखवलं,
मेंदूत रक्त शिरत होतं,
बाहेर पडायची शीर गोठली होती.
नवरा रात्री अकराला माझं शटर वाजवत आला,
हातात पट्टी, तीन गोळ्या शिल्लक.
"डॉक्टर नाव इचारी ऱ्हायनात."
मी नाव लिहून दिलं. अक्षर माझं कधी इतकं सुवाच्य नव्हतं.

नंतर मी स्वतः गेलो, सफरचंदं घेऊन.
डॉक्टर तरुण, बोलायला सरळ.
म्हणाले, एकट्या गोळीने होत नाही.
रक्ताची जात, कोरडं पडलेलं अंग, असं सगळं जमून येतं.
म्हणाले, पाळी असेतो अंगातलं इस्ट्रोजेन
बाईच्या रक्तवाहिन्या राखतं म्हणतात;
पण ही गोळी यकृतात गेली की तिचा थोडा अंश
इस्ट्रोजेनच होतो, आणि तो राखणदार नसतो.
मी विचारलं, मग प्रोजेस्टेरॉननेच मेंदूची सूज उतरते ना,
कुठेतरी वाचलं होतं.
हसले नाहीत. उंदरांची उतरली, म्हणाले.
माणसांवर ती आशा टिकली नाही.

पातळ रक्ताच्या गोळ्या माझ्याकडूनच जातात आता.
सहाव्या महिन्यात ती स्वतः आली, मुलीचा खांदा धरून.
मराठी अजून अडते. अहिराणी आधी परतली.
ओठ जुळवत, मोडत, पुन्हा जुळवत म्हणाली,
"गो... गोयी."
आणि माझ्याकडे पाहत राहिली.
चिठ्ठी मुलीच्या हातात होती.
मी तीनदा वाचली.

या श्रावणात कुणीतरी आलं,
नजर बाटल्यांवर.
मी विचारलं: डोकं दुखतं का? पाय सुजतात?
घरात कुणाला गुठळी, लकवा?
चिठ्ठी आहे?
बाहेर तिचा माणूस मोटारसायकल चालू ठेवून.
ती लाजली, पदर ओढला, काहीच बोलली नाही,
रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये गेली.
तिथे दिव्याखाली तिची पाठ दिसत होती.
दोन मिनिटंही लागली नाहीत.